मालगाडीच्या शाफ्टाचें मधलें बेअरिंग

कृष्णा-कोयनेच्या ह्या मुलखांत शेतमाल बाजारास नेण्याचें काम एके काळीं सर्वस्वीं बैलगाडीकडे होतें. त्या वेळच्या शेतकऱ्यास आपल्या गाडीचें अंग नि अंग ठाऊक असे. आंसास वंगण केव्हां घालावें, चाकाची धाव सैल झाली म्हणजे कसा आवाज येतो, हें त्यास कोणी शिकवावें लागत नसे. आज सातारा व सांगली ह्या दोन्ही जिल्ह्यांत बहुतेक ठिकाणीं बैलगाडीची ती जागा पिकअप गाडीनें घेतली आहे. तासगांव-मिरजेकडील द्राक्षें, कोरेगांवाकडील आलें, महाबळेश्वर-पांचगणीची स्ट्रॉबेरी, कराड-पाटणकडील भाजीपाला, सर्व हिच्याच पाठीवर चढून बाजाराची वाट धरतात. परंतु वाडवडिलांस जसें बैलगाडीचें ज्ञान होतें, तसें ह्या नव्या गाडीचें ज्ञान आपण मिळविलें आहे काय, असा प्रश्न कोणीं केला तर आपल्यापैकीं पुष्कळांस मान खालीं घालावी लागेल.

इंजिन, टायर व ब्रेक ह्यांकडे आपण थोडेंबहुत लक्ष देतों. पण गाडीच्या पोटाखालीं मध्यावर रबराच्या कोंदणांत बसविलेलें एक वाटोळें बेअरिंग असतें, त्याची आठवण तें मोडल्यावरच होते. मिस्त्री लोक त्यास सेंटर बेअरिंग म्हणतात. द्राक्षांच्या मोजक्या पेट्यांच्या मोलाचा हा जिन्नस. पण तो बिघडला असतां भरलेली गाडी वाटेंत बसते, आणि घाटांत बिघडला तर प्राणाशींही गांठ पडते. म्हणून त्याची परीक्षा कशी करावी, तो कसा बदलावा, व बदलूनही तो पुन्हां कां बिघडतो, ह्याविषयीं आमच्या अनुभवाचे चार शब्द वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचा अनुभव

कांहीं वर्षांपूर्वीं, पावसाळा नुकताच लागला असतां, आम्ही आमच्या पिकअपमधून टोमॅटो व ढबू मिरचीचे क्रेट भरून कराडहून चिपळुणास निघालों होतों. दुसऱ्या दिवशीं पहाटेच्या बाजारांत माल उतरवावयाचा होता. पाटण सुटल्यावर गाडीच्या पोटांतून घरघर ऐकूं येऊं लागली. ती नवी नव्हती. आठदहा दिवस ती चालूच होती, व 'रस्ता खराब आहे' असें म्हणून आम्ही आपलीच समजूत घालीत होतों. कोयनानगरजवळ एका चढावर गाडी थांबवून पुन्हां हलविली, तेव्हां ती ताप भरलेल्या माणसाप्रमाणें थडथडली.

आमचा ड्रायव्हर वयानें प्रौढ. त्यानें गाडी कडेला घेतली व तो म्हणाला, "दादा, पुढें कुंभार्लीचा उतार आहे. ह्या आवाजावर भरलेली गाडी घाटांत घालायला माझी छाती होत नाहीं." आम्हांस बाजार गांठण्याची घाई, त्याचा थोडा रागही आला. पण त्यानें चाकांस दगड लावले, बॅटरी घेऊन तो खालीं वांकला व आम्हांसही त्यानें वांकून पाहावयास लावलें. बेअरिंगाभोंवतालचें रबर सगळ्या बाजूंनीं फाटलें होतें, आणि शाफ्टाचा सारा भार लोखंडी कड्यावर लोंबत होता. त्याच्यापासून चार बोटांवर ब्रेकची नळी होती.

ती रात्र आम्हीं तेथेंच काढली. सकाळीं दुसरी गाडी मिळवून माल चढविला. भाडें दुप्पट गेलें, बाजार चुकला, व नरमलेला टोमॅटो पडेल त्या भावानें द्यावा लागला. ह्या साऱ्यापेक्षां आम्हांस एका गोष्टीचें अधिक वाईट वाटलें. तेंच बेअरिंग दोन महिन्यांपूर्वीं एका कारखान्यांत नवें घातलेलें होतें.

गाडी ओढून कराडास आणल्यावर एका म्हाताऱ्या मिस्त्रीनें ती तपासली व तीन दोष काढून दाखविले. पहिला, शाफ्ट जोडतांना पूर्वींच्या खुणा जुळविलेल्या नव्हत्या. दुसरा, मागचा क्रॉस झिजून खुळखुळा झाला असतांही तसाच ठेवला होता. तिसरा, जादा माल भरतां यावा म्हणून मागील पाट्यांत आम्हीं एक पाटा वाढविला होता. पहिला दोष कारखान्याचा खरा. पण क्रॉसचा खर्च 'पुढें पाहूं' म्हणून आम्हींच टाळला होता, आणि पाटाही आमच्याच हुकुमानें चढला होता. तीन दोषांपैकीं दोन आमचे निघाले, हें येथें कबूल केलें पाहिजे.

हें बेअरिंग कशासाठीं असतें

इंजिनाची शक्ति गिअरच्या पेटींतून मागील आंसापर्यंत एका पोकळ, फिरत्या दांड्यानें जाते. त्यासच शाफ्ट म्हणतात. पिकअपचा हौदा लांब, म्हणून हें अंतरही लांब. एखादा लांब वेळू दोन्ही टोकांस धरून जोरानें फिरविला तर तो मधोमध लचकतो व झोके खाऊं लागतो, तीच गत लांब शाफ्टाची होते. त्याचा वेग तरी किती? चाकाचा घेर सव्वादोन मीटर धरला, तर ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणाऱ्या गाडीचें चाक एका मिनिटांत सुमारें ४४५ वेळां फिरतें. डिफरन्शियलचें प्रमाण साडेचार असल्यास शाफ्ट त्याच मिनिटांत दोन हजार फेरे घेतो. ज्या वेगास नळी लचकूं लागते तो वेग तिची लांबी निम्मी केली असतां चौपट वर जातो. म्हणून लांब गाड्यांत शाफ्टाचे दोन तुकडे करतात, व पहिल्या तुकड्याचें मागचें टोक चासीच्या आडपट्टीखालीं एका बेअरिंगांत टांगतात. हेंच तें मधलें बेअरिंग. त्याभोंवतीं रबर असतें तें शाफ्टाची थरथर चासीपर्यंत जाऊं नये म्हणून.

आतां गाडी खड्ड्यांतून जाते तेव्हां मागील आंस वरखालीं होतो, आणि शाफ्टास कोन बदलीत फिरावें लागतें. ह्यासाठीं त्याच्या सांध्यांत क्रॉस असतात, म्हणजे अधिकाच्या चिन्हासारखा पोलादी तुकडा व त्यास दोन्हीं बाजूंनीं धरणारे दोन चिमटे. ह्या जोडाचा विचार युरोपांत सतराव्या शतकांत रॉबर्ट हूक ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें मांडला होता. मोटारीसाठीं तो अमेरिकेंत क्लॅरेन्स स्पायसर ह्यानें १९०३ सालीं पेटंट घेऊन उपयोगांत आणला. योगायोग असा, कीं त्याच १९०३ सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवीं आपला पहिला लोखंडी नांगर तयार केला. पुढें १९१० सालीं त्यांनीं त्या वेळच्या औंध संस्थानांत, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यांत, किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडी नांगरानें जमिनीस विष चढतें, अशी समजूत तेव्हांच्या शेतकऱ्यांत होती असें सांगतात. ती पुढें गेली, कारण लोकांनीं नांगर स्वतः हातीं धरून पाहिला. गाडीच्या यंत्राविषयींची आपली भीतीही त्याच मार्गानें जाईल.

क्रॉसच्या जोडाचा एक स्वभाव लक्षांत ठेवला पाहिजे. जोड कोनांत फिरत असतां पुढचा दांडा एकसारख्या वेगानें फिरला तरी मागचा तसा फिरत नाहीं. प्रत्येक फेऱ्यांत तो दोनदां पुढें धांवतो व दोनदां मागें रेंगाळतो. कोन दहा अंशांचा असल्यास हा फरक शेंकडा दीड इतकाच असतो. वीस अंशांवर तो शेंकडा सहावर जातो. मागच्या तुकड्याच्या दोन्हीं टोकांचे चिमटे एका पातळींत असले व दोन्हीं कोन सारखे असले, तर एका जोडाची चूक दुसरा जोड भरून काढतो. चिमटे वांकडे बसले, किंवा एका टोकाचा कोन वाढला, तर ती चूक भरून निघत नाहीं. तिचे हिसके मधल्या बेअरिंगास बसतात. आमच्या गाडीच्या पहिल्या व तिसऱ्या दोषाचें मूळ हेंच होतें.

दोष कसा ओळखावा

बेअरिंग बिघडल्याची पहिली खूण म्हणजे घरघर. ती आसनाच्या मागल्या बाजूस, पायांखालून येते. गाडीच्या वेगाबरोबर ती वाढते. इंजिनाच्या आवाजाशीं तिचा संबंध नसतो. सपाट, मोकळ्या रस्त्यावर, पुढेंमागें वाहन नसतां, वेग आल्यावर गिअर न्यूट्रल करून पाहावें. इंजिन शांत झालें तरी घरघर चालू राहिली तर दोष गिअरच्या पेटीच्या मागें आहे असें समजावें. हा प्रयोग उतारावर करूं नये, व इंजिन मुळींच बंद करूं नये. कारण ब्रेकास व सुकाणूस इंजिनाची जी मदत असते ती त्याबरोबर जाते.

दुसरी खूण म्हणजे भरलेली गाडी जागेवरून हलतांना येणारी थडथड. इंजिनाचा जोर लागतांच शाफ्टाचें मधलें टोक उसळूं पाहतें; रबर शाबूत असेल तर तें त्यास आवरतें, फाटलें असेल तर सारी गाडी हलते. तिसरी खूण म्हणजे ठराविक वेगास येणारी थरथर, जी वेग कमीजास्त केला असतां नाहींशी होते.

पण प्रत्येक आवाज ह्याच बेअरिंगाचा मानूं नये. चाकाच्या बेअरिंगाचा आवाज गाडी वळणावर एका बाजूस झुकली कीं बदलतो. डिफरन्शियलचा सूर ॲक्सिलरेटर दाबतांना एक व सोडतांना दुसरा असा येतो. गिअर घालतांना 'टक्' असा एकच ठोका बसत असेल, किंवा मंद गतींत चिवचिव ऐकूं येत असेल, तर बहुधा क्रॉस कोरडा पडला आहे.

कानानें संशय आला कीं डोळ्यांनीं खात्री करावी. गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करून इंजिन बंद करावें. पुढील दोन्हीं चाकांस दोन्हीं बाजूंनीं लांकडी ठोकळे द्यावे. मागील आंस जॅकनें उचलून तो मजबूत लोखंडी घोड्यांवर टेकवावा, व गाडी हालवून ती पक्की बसल्याची खात्री झाल्यावरच खालीं शिरावें. नुसत्या जॅकवर किंवा दगडांच्या चळतीवर उचललेल्या गाडीखालीं कोणीही, कितीही घाई असो, शिरूं नये. मग गिअर न्यूट्रल करून हँडब्रेक सोडावा व शाफ्ट हातानें हळूहळू फिरवावा. बेअरिंगांत खरखर लागली, किंवा ग्रीस गळून त्याभोंवतीं चिखलाचा थर बसलेला दिसला, तर तें गेलें असें समजावें. पहारेनें शाफ्ट जरा उचलून पाहिल्यास रबर थोडें दबणारच. तो दोष नव्हे. परंतु रबरास भेगा दिसल्या, तें कड्यापासून सुटलें, किंवा तेलानें भिजून फुगलें असेल, तर बदलण्यावांचून गति नाहीं. ह्याच वेळीं सर्व क्रॉस हातानें पिळून पाहावे. क्रॉसच्या टोपीभोंवतीं तांबूस भुकटी दिसली तर आंतील बारीक सुयांचें ग्रीस संपून त्या गंजत आहेत. शाफ्टाचा सरकता दांतेरी जोडही वरखालीं हालवून पाहावा.

बदलण्याची रीत

हें काम घरीं करण्याजोगें आहे काय, असें कोणी विचारील. ज्याच्याजवळ घोड्या, पान्यांचा पुरा संच, पुलर व मोठा शेगडा आहे, आणि ज्याचा हात यंत्रावर बसला आहे, त्यानें तें करावें. इतरांनीं मिस्त्रीकडेच जावें. पण काम चालू असतां जवळ उभें राहावें, व पुढील गोष्टी होतात कीं नाहीं तें पाहावें.

प्रथम खुणा. एकही बोल्ट सोडण्यापूर्वीं शाफ्टाच्या प्रत्येक जोडावर, दोन्हीं बाजूंस एका रेषेंत येतील अशा, पांढऱ्या रंगाच्या खुणा कराव्या. गिअरपेटीकडील जोड, मधला जोड, सरकता दांतेरी जोड व डिफरन्शियलकडील फ्लँज, अशा सर्व ठिकाणीं त्या हव्या. खडूची खूण तेलकट हातानें पुसली जाते. म्हणून रंग किंवा पंचचा बारीक ठोका बरा. कारखान्यांत शाफ्टाचा तोल ज्या स्थितींत साधलेला असतो त्याच स्थितींत तो परत बसावा, एवढ्यासाठीं हा खटाटोप. सगळ्या कामांत ह्यास दोन मिनिटें लागतात, आणि चुकतें तें बहुधा येथेंच.

मग सोडणें. शाफ्ट सुटला कीं गिअरांत ठेवलेली गाडीही मोकळी होते, हें विसरूं नये. चाकांचे ठोकळे पुन्हां एकदां पाहून घ्यावे. आधीं डिफरन्शियलकडील फ्लँजचे बोल्ट काढावे. क्रॉसच्या टोप्या मोकळ्या होत असल्यास त्यांवर चिकटपट्टी गुंडाळावी, नाहीं तर आंतील सुया मातींत सांडतात. शाफ्ट लोंबकळत ठेवूं नये. त्यास खालून आधार द्यावा किंवा दोरीनें बांधावा. नंतर मधल्या कड्याचे दोन बोल्ट काढावे. कडें व आडपट्टी ह्यांच्यामध्यें कधीं कधीं पातळ पत्र्याच्या चकत्या असतात. त्या किती, व कोणत्या बाजूस, हें लिहून ठेवावें. शाफ्टाचा कोन त्यांनींच ठरलेला असतो. कांहीं गाड्यांत शाफ्टाचें पुढचें टोक गिअरच्या पेटींत सरकतें बसविलेलें असतें. तें ओढतांच तेल सांडतें, म्हणून खालीं भांडें ठेवावें.

शाफ्ट बाहेर आल्यावर त्याची पोकळ नळी शेगड्यांत आवळूं नये. ती चेपली तर तोल कायमचा गेला. जाड, भरींव भाग तांब्याच्या किंवा लांकडाच्या फळ्या लावून धरावा. पुष्कळ गाड्यांत मधल्या जोडाचा चिमटा एका मोठ्या नटानें बसविलेला असतो. नट काढून चिमटा पुलरनें ओढावा, व त्यामागील जुनें बेअरिंगही पुलरनेंच काढावें. हातोडीनें ठोकून काढण्याची रीत सोपी दिसते, पण तीमुळें शाफ्टाच्या टोंकास वांक येतो.

जुनें बेअरिंग हातांत आल्यावर नवें त्याच्याशेजारीं ठेवून ताडून पाहावें. आंतील भोंकाचा व्यास, रुंदी, बोल्टांच्या भोंकांतील अंतर, आणि आडपट्टीस टेकणाऱ्या बाजूपासून भोंकाच्या मध्यापर्यंतची उंची, हीं चारही मापें जुळलीं पाहिजेत. एकाच नांवाच्या गाडीच्या लहानमोठ्या हौद्यांस निरनिराळीं बेअरिंगें असूं शकतात. म्हणून दुकानांत गाडीचा चासी-नंबर दाखवून माल घ्यावा. शाफ्टाची बसकण पॉलिशकागदानें स्वच्छ करावी. तीवर नखास लागेल असा खांचा पडला असेल तर नवें बेअरिंगही तेथें सैल फिरेल. अशा वेळीं शाफ्टाचें तें टोक दुरुस्त करवून घेण्यावांचून उपाय नाहीं.

नवें बेअरिंग चढवितांना जोर फक्त त्याच्या आंतल्या कड्यावर यावा. तेवढ्याच मापाच्या नळीनें तें सरळ दाबीत न्यावें. बाहेरच्या कड्यावर किंवा रबरावर ठोका बसला तर आंतील गोळ्यांस घाव बसतात, आणि नवें बेअरिंग पहिल्याच दिवशीं जुनें होतें. चिखल अडविणाऱ्या पत्र्याच्या टोप्या ज्या बाजूस होत्या त्याच बाजूस बसवाव्या. मोठा नट शक्य तों नवा घ्यावा, व कंपनीच्या पुस्तकांत दिलेल्या मापानें टॉर्क-पान्यानें आवळावा.

जोडतांना सर्व खुणा जुळवाव्या, व मागच्या तुकड्याच्या दोन्हीं टोकांचे चिमटे एका पातळींत आले कीं नाहीं तें डोळा लावून पाहावें. दांतेरी जोडास ग्रीस द्यावें. मधल्या कड्याचे बोल्ट आधीं सैल ठेवावे. फ्लँजचे बोल्ट आवळून गाडी चाकांवर उतरवावी, शाफ्टास आपल्या जागीं बसूं द्यावें, व कडें शाफ्टाशीं काटकोनांत आहे, रबर पुढें किंवा मागें ताणलेलें नाहीं, असें पाहूनच तें आवळावें. क्रॉसांस ग्रीसचे निप्पल असल्यास चारही टोप्यांतून ताजें ग्रीस दिसेपर्यंत भरावें. मग प्रथम रिकामी, नंतर भरलेली गाडी चालवून पाहावी, व आठवड्यानें सर्व बोल्ट पुन्हां तपासावे.

बदलूनही तें कां बिघडतें

बेअरिंग सहसा आपल्या मरणानें मरत नाहीं. शेजाऱ्याच्या दोषानें मरतें. झिजलेला क्रॉस त्यास हिसके देतो. म्हणून क्रॉस खुळखुळत असतां एकटें बेअरिंग बदलणें म्हणजे मोरी तुंबलेली ठेवून अंगण सारवणें होय.

दुसरें कारण म्हणजे भार. मर्यादेबाहेर माल भरला कीं पाटे सपाट होतात व जोडांचे कोन बिघडतात. ह्यावर उपाय म्हणून आपण पाटा वाढवितों. मग गाडी रिकामी असतां मागून उंच राहते व कोन उलट बाजूनें बिघडतात. गाडी जातांना भरलेली व येतांना रिकामी, म्हणजे शाफ्टास जातांना एक दुखणें व येतांना दुसरें. स्वीडनमध्यें गॉथेनबर्ग येथील एका कापडगिरणींत स्वेन विंगक्विस्ट नांवाचा इंजिनिअर होता. तेथील चिकणमातीची जमीन हाले, गिरणीचे लांब शाफ्ट सरळ रेषेंतून ढळत, व बेअरिंगें एकामागून एक जात. त्यावर विचार करून त्यानें १९०७ सालीं स्वतःस सांवरून घेणारें नवें बेअरिंग काढलें. शाफ्ट रेषेंतून ढळला तर बेअरिंगाचा दोष नसतां तें मरतें, हा त्याच्या अनुभवाचा बोध. काळ्या जमिनींत भिंती कशा तडकतात हें पाहिलेल्या आमच्या वाचकांस तो पटण्यास वेळ लागूं नये. विंगक्विस्टच्या पायांखालची जमीन त्याच्या हातीं नव्हती. आपला पाटा आपल्या हातीं आहे.

तिसरें कारण पाणी व चिखल. उंसाच्या सरींतून किंवा ओढ्यांतून गाडी काढल्यावर ती धुणें इष्टच. परंतु जोराच्या फवाऱ्याचें तोंड बेअरिंगावर व क्रॉसच्या टोप्यांवर धरूं नये. त्या जोरानें पाणी आंत शिरतें व ग्रीस धुऊन जातें. रुतलेली गाडी क्लच एकदम सोडून हिसक्यानें काढण्याची संवयही घातक आहे. चाकांखालीं फळ्या किंवा पाचट घालून ती सावकाश काढावी.

शेवटीं घाटाविषयीं. भरलेली गाडी पसरणीच्या किंवा कुंभार्लीच्या उतारावरून आणतांना आपण खालचा गिअर घालतों, व इंजिन तिला आवरून धरतें. हा लगाम शाफ्टांतूनच चाकांपर्यंत पोंचतो. शाफ्ट तुटला कीं लगाम तुटला. मग सगळा भार ब्रेकांवर, आणि त्यांचीच नळी लोंबत्या शाफ्टानें तोडली तर पुढें काय होईल तें सांगावयास नको. म्हणून घरघर ऐकूं आली असतां दुरुस्तीच्या ठिकाणापर्यंत रिकामी गाडी हळू नेणें एक वेळ चालेल, पण थडथड सुरू झाली असतां भरलेली गाडी घाटांत घालूं नये. बाजार एक दिवस चुकला तर पुढच्या खेपेस भरून काढतां येतो.

हंगाम सुरू होण्यापूर्वीं आपण नांगराचा फाळ पाहतों, पंपाचें पॅकिंग पाहतों. त्याच दिवशीं अर्धा तास गाडीखालचा शाफ्टही पाहावा, आणि बेअरिंग बदललें तर त्याची तारीख व त्या वेळचे किलोमीटर वहींत टिपून ठेवावे. आणि आपला ड्रायव्हर गाडी कडेला घेऊन कांहीं सांगूं लागला, तर बाजाराची घाई बाजूस ठेवून प्रथम त्याचें ऐकावें. त्या रात्रीं आमच्या ड्रायव्हरनें गाडी अडविली नसती, तर हा लेख लिहिण्यास आम्ही राहिलों असतों कीं नाहीं, ह्याची आम्हांस शंका आहे.